प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याचं घेतलंत तर नाव द्या

संपादक महोदय,
आमच्या रत्नागिरीकडे कातळशिल्पांवर प्रोजेक्ट करणारी पोरं भरपूर, पण दोन प्रोजेक्ट शेजारी ठेवले तर परिच्छेदच्या परिच्छेद सारखे, 'प्राचीन'चं 'पुरातन' केलं की झालं आपलं असं त्यांना वाटतं. दोष पोरांचा नाही हो, त्यांना हे कुणी नीट शिकवतच नाही. वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हात टाका आणि तिथंच लेखक, वर्ष, पान लिहा. स्वतःच्या शब्दांत लिहायचं तर मूळ लेख मिटून ठेवा, जे समजलं ते लिहा, नंतर पडताळा, आणि संदर्भ तरीही द्यायचाच, कारण शब्द तुमचे असले तरी शोध मूळ लेखकाचा आहे. बारसूच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावर, ज्या गावकऱ्यानं शिल्पं दाखवली त्याचंही नाव, त्याला विचारून, यायला हवं, ते तर कुणीच देत नाही, याचं फार वाईट वाटतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्रबंधात ६० टक्क्यांवर साम्य सापडलं तर विद्यार्थ्याचं रजिस्ट्रेशनच रद्द होतं, पण रीतसर संदर्भ देऊन घेतलेला उतारा त्या मोजणीत धरत नाहीत. कॉलेजांनी एफवायलाच यासाठी दोन-चार तास ठेवावेत, प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

एक वाचक, रत्नागिरी