मागच्या चाकांना ताकद न पोहोचणाऱ्या ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ गाडीबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्याकडून घेतलेल्या वापरलेल्या डिझेल इस्टेट गाडीतील ऑल-व्हील ड्राइव्ह यंत्रणा बंद असणे व तपासणी अहवालातील चुकीचा शेरा

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीकडून मी अलीकडेच एक वापरलेली डिझेल इस्टेट (मागे लांब डिकी असलेली) गाडी विकत घेतली. जाहिरातीत, विक्री करारात आणि गाडीसोबत दिलेल्या तपासणी अहवालात ती ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, असल्याचे नमूद आहे. अहवालात तर त्या यंत्रणेसमोर ‘तपासली, सुस्थितीत’ असा स्पष्ट शेरा आहे. प्रत्यक्षात या गाडीच्या मागच्या चाकांना इंजिनाची ताकद पोहोचतच नाही, आणि गाडी माझ्या ताब्यात येण्यापूर्वीही ती पोहोचत नव्हती, असे मानायला पुरेसा आधार आहे.

याच मॉडेलची, फक्त पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आपल्याकडेच बरीच स्वस्त उपलब्ध होती. डिझेल इंजिनाचा कमी फेऱ्यांवर मिळणारा जोर, मागची लांब सपाट डिकी आणि निसरड्या चढावर चारही चाकांची पकड, हे सारे एसयूव्हीची उंची व वजन न पत्करता हवे होते, म्हणूनच मी जास्तीचे पैसे मोजले. ज्या गोष्टीसाठी ते मोजले, नेमकी तीच गाडीत नाही.

सामान भरलेली गाडी ओल्या खडीच्या चढावर थांबवून पुन्हा पुढे घेताना पुढची दोन्ही चाके जागच्या जागी गरगरली, खडी मागे उडाली आणि मागची चाके ढिम्म राहिली. डॅशबोर्डवर कोणताही इशारा देणारा दिवा लागला नाही. दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधीने ‘ही यंत्रणा गरज पडेल तेव्हाच चालू होते, एरवी ती जाणवत नाही’ असे उत्तर दिले. ते तत्त्व बरोबर आहे, पण पुढची चाके खडीत फिरत असताना गरज पडली नव्हती, असे आपल्याला म्हणायचे आहे काय?

त्यानंतर मी गाडी या प्रकारच्या यंत्रणेचे काम नेहमी करणाऱ्या गॅरेजमध्ये दाखवली. या गाडीत मागच्या डिफरन्शियलला (दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाला) लागून एक कपलिंग, म्हणजे ताकद जोडणारा-तोडणारा भाग, आहे. एक छोटा विजेवर चालणारा पंप त्यातील तेलाला दाब देतो, त्या दाबाने क्लचच्या प्लेट्स आवळल्या जातात आणि तेव्हाच मागच्या चाकांना ताकद मिळते. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि स्कॅनरवरून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्रावरून) पंप चालू करण्याची आज्ञा दिली. चालू पंपाची गुणगुण गाडीखाली उभे राहिल्यावर सहज ऐकू येते. येथे काहीच ऐकू आले नाही. पंप उतरवल्यावर त्याच्या टोकाची बारीक जाळी काळ्या, चिकट गाळाने पूर्ण बुजलेली दिसली. बोटाने पुसल्यावरही जाळीची छिद्रे मोकळी झाली नाहीत. हा गाळ म्हणजे क्लच प्लेट्सच्या घर्षणातून सुटलेली बारीक भुकटी. तेल वेळेवर बदलले नाही की ती जाळीवर साठते, पंपावर ताण येतो आणि शेवटी तो जळतो. असा थर साठायला काही वर्षे जातात. कपलिंगचे तेल ठराविक मुदतीने बदलावे लागते, आणि सर्व्हिस बुकात इंजिन ऑइल, डिझेल फिल्टर, ब्रेक अशा साऱ्या नोंदी असताना या तेलाची एकही नोंद नाही. पुस्तक आपल्याच कार्यालयातून मला मिळाले, त्यामुळे ते आपल्या तपासनिसासमोर होते हे उघड आहे.

दुसरी बाब टायरची. ‘पुढचे दोन टायर नवे’ हा जाहिरातीत गुण म्हणून सांगितला होता. पुढच्या टायरच्या खाचांची खोली सुमारे ७ मिमी आहे, मागच्यांची जेमतेम ३ मिमी, आणि कंपन्याही वेगळ्या. अशा गाडीत चारही टायरचा घेर जवळपास सारखा असावा लागतो, नाहीतर पुढची व मागची चाके सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि कपलिंगमधल्या प्लेट्स विनाकारण घासत राहतात. नवे टायर जोडीने फक्त पुढे चढवणाऱ्याने ही गाडी दोन चाकांवर चालणारीच समजली होती, असा याचा सरळ अर्थ होतो.

इंजिनाच्या संगणकात ‘दोषसंकेत (बिघाडाचे साठवलेले कोड) पुसल्यापासूनचे अंतर’ अशी एक नोंद असते. माझ्या गाडीत ते अंतर मी चालवलेल्या अंतरापेक्षा किंचितच जास्त आहे. म्हणजे गाडी माझ्या हाती देण्याच्या सुमारास संकेत पुसले गेले. दुरुस्ती करून संकेत पुसणे ही रीतच आहे. मात्र येथे कोणती दुरुस्ती केली गेली, याचा एकही कागद मला दिलेला नाही.

डीपीएफमध्ये (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठलेली राख किंवा ईजीआर व्हॉल्व्हवरची (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या झडपेवरची) काजळी यांविषयी माझी तक्रार नाही. वापरलेल्या डिझेल गाडीत ते वयोमानानुसार असणारच. परंतु आपल्या प्रतिनिधीने कपलिंगलाही ‘झीज होणारा भाग’ म्हणून वॉरंटीबाहेर ढकलले, ते मला मान्य नाही. न बदललेल्या तेलामुळे जळालेला पंप ही झीज नव्हे; आणि जो भाग विक्रीच्या दिवशीच बंद होता, त्याच्या बाबतीत वॉरंटीचा मुद्दा मुळात उद्भवतच नाही.

तरी आपण स्वखर्चाने नवा पंप बसवून, कपलिंग स्वच्छ करून व तेल बदलून, क्लच प्लेट्सची तपासणी करून आणि चारही टायर एकसारखे देऊन ही यंत्रणा चालू करून द्यावी, व ती चालू झाल्याचे लिफ्टवर माझ्यासमोर दाखवावे. हे शक्य नसल्यास गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. दोन्हींपैकी काहीही ठरले तरी, अहवालातील ‘तपासली’ हा शेरा कोणत्या चाचणीवरून मारला गेला, याचे लेखी उत्तर मला हवे आहे, कारण लिफ्ट आणि स्कॅनर यांच्या साहाय्याने काही मिनिटांत उघड होणारा दोष त्या चाचणीत दिसू नये हे पटण्यासारखे नाही.

गॅरेजचा लेखी अहवाल, जाळीची व टायरची छायाचित्रे, स्कॅनरच्या नोंदी आणि सर्व्हिस बुकाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पंप स्वच्छ न करता होता तसाच परत बसवून घेतला आहे, म्हणजे आपल्या तंत्रज्ञाला तो स्वतः उतरवून पाहता येईल. त्याला पाठवायचे असल्यास वेळ आधी कळवावी. तपासणी त्याच गॅरेजमध्ये आणि माझ्या उपस्थितीत होईल. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपला,
गाडीचा खरेदीदार