मनाची ओपीडी संध्याकाळीही हवी

माझ्या भाच्याला चार लोकांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो, त्यात नैराश्य. विमा नाही. खासगी समुपदेशकाची तासाची फी १५०० ऐकून ताई गप्पच झाली. शेवटी पालिकेच्या रुग्णालयात गेलो. केसपेपर नाममात्र पैशांत, डॉक्टरही समजूतदार. पण रांग अशी की गर्दीलाच घाबरणारा पोरगा दोनदा दारातून परतला. ओपीडी सकाळची, म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी. १४४१६ या सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं, हे तर फार उशिरा कळलं. लोकलच्या डब्यात बाबा-बंगालींच्या जाहिराती मात्र जागोजागी! त्यांच्या जागी हा क्रमांक चिकटवा आणि आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळची ओपीडी सुरू करा.

– एक वाचक, लालबाग, मुंबई