यंदा संकल्प चहाच्या कपाएवढाच

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जानेवारी आला की व्हॉट्सॲपवर सगळीकडे रोज एक तास ध्यान सुरू होतं आणि संक्रांतीपर्यंत बहुतेकांचं बंदही पडतं, माझंही गेल्या वर्षी तेच झालं, पहाटे साडेचारचा अलार्म आठवडाभरपण टिकला नाही आणि मग स्वतःवरच चिडचिड. म्हणून यंदा एवढंच ठरवलंय, सकाळचा चहा मोबाईल आत ठेवून पडवीत बसून प्यायचा. मन भरकटतंच हो, मोहोर किती आला, फवारणी कधी, माकडं काय करतील... पण भरकटलंय हे कळलं की परत चहाच्या वासावर, श्वासावर यायचं. ते परत येणं हाच खरा सराव आहे आणि हेच कोणी नीट सांगत नाही, लोकांना वाटतं विचार थांबले नाहीत म्हणजे आपल्याला जमत नाही!

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा २०१० च्या सुमाराचा अभ्यास आहे, नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला पार २५४. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं. मला यानेच धीर आला.

इगतपुरीचा विपश्यनेचा १० दिवसांचा कोर्स चांगलाच, पण आंबा बागायतदाराला या दिवसांत घर सोडणं शक्य नाही. तुमच्या पुरवणीत अशा घरच्या घरी जमणाऱ्या छोट्या गोष्टींबद्दल जरूर छापा, आमच्या वाडीत पुरवणी सगळेच वाचतात.

एक बागायतदार, रत्नागिरी