विहिरींच्या नोंदी बंद पडू देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांतील रिक्त पदांची बातमी आपल्या अंकात वाचली. भूगोलाचा प्राध्यापक निवृत्त झाला की विहिरींच्या पाण्याच्या नोंदी थांबतात आणि मराठवाड्याचं आणखी एक नुकसान होतं, ते त्या बातमीत आलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या सरांची उभी नोकरी बीड जिल्ह्यात गेली. पाणलोट आणि भूजल हा त्यांचा विषय. आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून एकेक ओढा गिरवायचा, त्याची श्रेणी ठरवायची, प्लॅनिमीटर फिरवून क्षेत्रफळ काढायचं. पुढे उपग्रहाच्या प्रतिमा आणि संगणकावर नकाशे करायचं जीआयएस आलं, तेही त्यांनी पन्नाशीत शिकून घेतलं. दरवर्षी पोरांना घेऊन ते पाटोद्याच्या डोंगरावर जात. तिथं डोंगराच्या धारेच्या एका अंगाचं पाणी सिंदफणेतून मंजरथला गोदावरीत जातं. दुसऱ्या अंगाचं मांजरेला लागतं आणि कर्नाटक, तेलंगण फिरून कंदकुर्तीला त्याच गोदावरीला मिळतं. पाणलोटाची सीमा म्हणजे काय, हे तिथं उभं राहिल्यावर पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

पण त्यांचं खरं काम विहिरींची पाणीपातळी मोजण्याचं. कठड्यावर लाल रंगाची खूण असायची, मोजायचं ते तिथूनच. टेप सोडण्याआधी मालकाला विचारायचं, मोटार कधी बंद केली? नुकतीच केली असेल तर थांबायचं, कारण उपसत्या विहिरीची पातळी खरी नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजणी करते. सरही त्याच महिन्यांत करत, म्हणजे नोंदी एकमेकींशी ताडून बघता याव्यात. शेतकरी म्हणायचे, "सर, ते राहू द्या, बोअर कुठं घ्यावं तेवढं सांगा." सर म्हणायचे, "आधी शेजाऱ्याच्या विहिरीत किती परस पाणी आहे ते सांगा."

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५०० हेक्टरच्या शिवारावर ३५० कोटी लिटर पडतं. तरी मे महिन्यात गावात टँकर येतो. बरंचसं पाणी वाहून आणि उडून जातं, आणि जे मुरतं त्याला आपल्या बसाल्टमध्ये जागा थोडी. वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर पाणी धरतो. खालच्या काळ्या पाषाणात भेग सापडली तरच पाणी. एका शिवारात बारीक पोकळ्यांचा मांजऱ्या खडक लागतो, बांधापलीकडे लागत नाही. असं असताना नाला खोलीकरणाला मात्र सगळीकडे एकच जेसीबी. मुरूम फोडून पाषाणापर्यंत खोदलं की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं आणि तिथं उन्हानं आटतं. पावसाचं पाणी धरायच्या शेततळ्यात विहिरीचं पाणी उपसून भरणं, म्हणजे तर जमिनीखालची पुंजी उन्हात वाळत घालणं आहे.

कोणत्या कामाने पाणी वाढलं हे एका वर्षात कळत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरलं. अशा वर्षी पाऊस उपकारी ठरला की केलेली कामं? पावसाच्या शेजारी त्याच विहिरीची वर्षानुवर्षांची पातळी मांडलेली असेल, तरच उत्तर देता येतं. सरांच्या वह्यांत ते आहे. पदोन्नतीच्या अर्जात मात्र त्या वह्यांना कधी गुण मिळाले नाहीत, तिथं छापील शोधनिबंधच मोजतात. याचा मला आजही राग येतो.

सर निवृत्त झाले. त्यांच्या जागेवर तासिका तत्त्वावर प्राध्यापक आहेत. ते मेहनती आहेत, पण सुट्टीत त्यांना मानधन नसतं, आणि सगळ्यांत मोलाची मोजणी मे महिन्यातली, विहिरी तळाला गेलेल्या असतानाची. ती या वर्षी झालीच नाही. एक वर्ष गेलं की ती नोंद पुन्हा कुणालाही घेता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला क्षेत्र प्रकल्प आला आहे, त्याचे श्रेयांक मिळतात. प्रत्येक महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला जवळचा एक लहान पाणलोट नेमून द्यावा आणि विहिरींची मोजणी हाच तो प्रकल्प धरावा. मे महिन्याच्या मोजणीचं मानधन वेगळं द्यावं. जुन्या वह्या भूजल यंत्रणेने ताब्यात घेऊन संगणकावर चढवाव्यात. आणि पद कायमस्वरूपी भरावं, हे तर आधी.

ऑक्टोबरची मोजणी आम्ही माजी विद्यार्थी स्वखर्चाने करायला तयार आहोत. महाविद्यालयाने कपाटातल्या वह्या आणि टेप आमच्या हाती द्यावा.

आपला,
एक भूगोल शिक्षक, बीड