अनुदान येतं कुठल्या महिन्यात, ते पण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला तो केनियावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी वाटलं माझंच काहीतरी वाचायचं राहिलं. फी बंद करा, त्याऐवजी सरकारने दर मुलामागे शाळेला अनुदान द्यावं, पोरं धावत येतात, झालं. लेखकमहाशयांची भाषा छान आहे, पण त्यांनी एकदा तरी शाळेच्या ऑफिसच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून बघावं असं मला फार वाटलं. मी 31 वर्षं बसले. ठाण्यातल्याच एका अनुदानित शाळेत, आधी कनिष्ठ लिपिक, मग वरिष्ठ. शाळेचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं मला अजून भाजी घेताना भेटतात.

पोरं येतात हे खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. माझा भाचा चार वर्षं नैरोबीत नोकरीला होता, त्याच्याकडून ऐकलंय आणि नंतर वाचलंय पण. 2002 च्या डिसेंबरअखेरीस तिथले नवे राष्ट्राध्यक्ष किबाकींनी शपथ घेतली आणि जानेवारीत शाळा उघडल्या त्या थेट फीशिवाय. दहा दिवससुद्धा मिळाले नाहीत हो. साठ लाखांच्या आतबाहेर असलेली प्राथमिकची पोरं सत्तर लाखांच्या वर गेली. 84 वर्षांचे एक आजोबा पहिलीत येऊन बसले, त्यांचं नाव गिनीज बुकात आहे. सगळं कबूल. पण मला सारखं एकच वाटत राहिलं की त्या जानेवारीत तिथल्या कारकुनाने काय केलं असेल, दारात एवढी गर्दी, रजिस्टरची पानं संपलेली, आणि नवीन रजिस्टर आणायला पैसे कोणाकडे मागायचे तर फी घ्यायची नाही आणि अनुदान येणार आहे. येणार आहे! हा शब्द मी 31 वर्षं ऐकला.

लेखात मुद्दा हाच नाहीये. फीचे पैसे जूनमध्ये हातात पडतात, दहा-वीसच्या नोटा का असेनात, पण संध्याकाळी खडूचा बॉक्स येतो. अनुदान मंजूर होतं एका वर्षी, त्याचं असेसमेंट होतं दुसऱ्या वर्षी, आणि खात्यात पडतं ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सोबत फोन की 31 तारखेच्या आत खर्च दाखवा आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा नाहीतर परत जाईल. मग आम्ही 29 मार्चला झाडू, फिनेल आणि ग्लोब घ्यायचो. आमच्या स्टोअररूममध्ये एकूण सात ग्लोब होते. दोनांवर सोव्हिएत रशिया होता.

आणि आमचं वेतनेतर अनुदान तर मधली कित्येक वर्षं बंदच होतं. पगार सरकार देणार, बाकी वीज, पाणी, झाडू, कागद तुमचं तुम्ही बघा. 2013 ला पुन्हा सुरू केलं ते पगाराच्या पाच टक्के, तेही जुन्या पाचव्या वेतन आयोगाच्या पगारावर मोजून. पालकांकडून फी घेता येत नाही, सरकारकडून ग्रँट येत नाही, मग शाळा चालते कशावर? तर ‘ऐच्छिक देणगी’वर. पावतीपुस्तक माझ्याच ताब्यात असायचं. पाचवीच्या ॲडमिशनला 300 रुपये.

एक कोळीण बाई आली होती मुलीला घेऊन, चेंदणीची. पावती हातात धरून बघत राहिली, मुलीकडून वाचून घेतली आणि मला विचारलं, ऐच्छिक म्हंजे कोनाची इच्छा? मी म्हटलं, बाई तुमचीच. ती म्हणाली, माझी तर नाय. मागे लाईन होती, पंखा बंद होता, मी म्हटलं मग सरांना जाऊन भेटा. सरांना भेटायला गेलं की तासभर बसायला लागतं हे तिला पण माहीत होतं आणि मला पण. तिने पैसे दिले. मी शिक्का मारला. आज पण मला तो शिक्का आठवतो, तेव्हा काही वाटलं नव्हतं, लाईन मोठी होती.

पुढच्या वर्षी ऑडिटला आलेल्या गृहस्थांनी पावतीपुस्तक चाळून विचारलं की 118 पालकांनी आपापल्या इच्छेने बरोब्बर तीनशेच कसे काय दिले, एकाने पण 250 नाही की 301 नाही. आमचे सर शांतपणे म्हणाले, आमच्याकडचे पालक फार एकमताचे आहेत. ऑडिटवाले हसले, चहा प्यायले, आणि शेरा मारून गेले. त्या शेऱ्याचं उत्तर मीच लिहिलं होतं.

तेही पैसे पुरायचे नाहीत. एका वर्षी दहावीची प्रिलिम चालू होती आणि मीटर कापायला माणूस आला, तीन महिन्यांचं बिल थकलेलं. सरांनी खिशातून सहा हजार काढून शिपायाला पळवलं. ते सहा हजार त्यांना परत मिळायला तेरा महिने लागले, कारण व्हाउचर कुठल्या आर्थिक वर्षात धरायचं ते ठरेना. (माझ्या स्वतःच्या वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं बिल अजून असंच कुठेतरी धरायचं ठरतंय. चौथ्यांदा झेरॉक्स दिल्यात. हा वेगळा विषय आहे पण आलं मनात म्हणून लिहिलं, कापू नका.)

आता खासगी शाळांमध्ये गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांचं पण तेच. कायद्याने मूल फुकट शिकतं आणि शाळेला सरकार पैसे देतं, वर्षाला मुलामागे 17,670 रुपये असा आकडा. दिलेत का वेळेवर? आमच्या शेजारच्या रिक्षावाल्याच्या मुलीचा नंबर लॉटरीत लागला तेव्हा बिल्डिंगभर पेढे वाटले होते, आणि सहा महिन्यांत त्याला मेसेज यायला लागले, ॲक्टिव्हिटीचे इतके, ॲपचे इतके, सहलीचे इतके. विचारलं तर म्हणे सरकारकडून प्रतिपूर्ती आली नाही. म्हणजे सरकार देणार ते पण आमचा रिक्षावालाच देणार.

केनियाची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली आणि ती लेखात नेमकी नाहीये. मुलामागे वर्षाला 1020 शिलिंग ठरवले, त्यातले 650 पुस्तकं-साहित्याच्या खात्यात आणि 370 वीज, पाणी, दुरुस्ती, वॉचमनच्या खात्यात, दोन्ही खाती शाळेचीच आणि पैसे मधे कुणाच्या टेबलावर न थांबता. ज्याने कुणी हे ठरवलं त्याच्या घरात नक्की कोणीतरी कारकून असणार. म्हणजे तिथे सगळं आलबेल असं नाही, 2009 ला पैसे खाल्ल्याचं निघालंच आणि ब्रिटनने मदत थांबवली. हे पण लेखात नाही. जागा कमी पडली असेल.

जागेवरून आठवलं. फी नको, शिक्षण हा हक्क आहे असं आतल्या पानावर, आणि त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर घोडबंदर रोडच्या कुठल्याशा इंटरनॅशनल शाळेची पानभर रंगीत जाहिरात, स्विमिंग पूल, घोडेस्वारी, एसी बस. एसी बसलाच घोडबंदरला दीड तास लागतो, घोडे कधी पोचणार. जाहिरात घेऊ नका असं म्हणत नाही, तुम्हाला पण वीजबिल आहे.

पण एक करा. केनियाच्या शेजारी युगांडा आहे, तिथे नव्वदच्या सुरुवातीला सरकारने शाळांसाठी काढलेल्या अनुदानातले शंभरातले तेराच रुपये शाळेपर्यंत पोचत होते, बाकीचे वाटेत. मग तिथे पेपरात छापायला लागले की या महिन्यात या जिल्ह्याला शाळांसाठी इतके पैसे पाठवले, शाळेच्या भिंतीवर पण लावायला लागले, आणि गळती खूप कमी झाली. पेपरात छापून! म्हणजे हे काम तुमचंच आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांना कुठल्या महिन्यात किती पैसे सुटले आणि कुठल्या तारखेला खात्यात आले, एवढी चौकट महिन्यातून एकदा छापा. शेवटच्या पानावर घोड्याच्या पायाखाली मावेल.

आणि लेखकमहाशयांना विचारून सांगा की केनियात ते 370 शिलिंग शाळेच्या खात्यात नेमके कुठल्या महिन्यात जमा व्हायचे. बाकीचं पत्र कापलंत तरी चालेल, हे आणि मोतीबिंदूचं तेवढं ठेवा.

कळावे,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, कळवा
(नाव छापू नये)