आधी खुर्ची, मग अजिंक्यतारा

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर अर्ध्या गोष्टी राहून जातात आणि उरलेल्या अर्ध्यांना आईचं "बरं, करते" ठरलेलं असतं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. आईसाठीचं आईने वाचावं, पण मोजायची कामं बाबांची आहेत, त्यामुळे बाबा, तुम्हीही चष्मा लावा.

आई, तुझ्या मैत्रिणी परत गडावर चल म्हणताहेत आणि तू येत्या सोमवारपासून जायचं पक्कं करून टाकलंयस. एवढ्यात नको जाऊस. पावसाळाभर फिरणं बंद होतं, त्यात गौरी-गणपतीत दिवसदिवस ओट्यापाशी उभी होतीस, आणि ते संपतं न संपतं तोच तापाने आठवडाभर अंथरूण धरलंस. सहासष्टाव्या वर्षी आठवडाभर पडून राहिलं की मांडीचा स्नायू उतरतो, आणि तो उतरतो झपाट्याने, भरतो मात्र सावकाश. तुला दम लागत नाही म्हणून वाटतं की सगळं पहिल्यासारखं आहे. पण अजिंक्यताऱ्याच्या चढाला दम लागतो, गुडघ्याची खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत होतच सगळं वजन तोलून धरतो, गाडीच्या ब्रेकसारखा. तो थकला की तेच वजन सांध्यावर आदळतं. म्हणून सकाळी गडाच्या वाटेवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत हसत जाऊन आलेली बाई संध्याकाळी दिवा लावायला उठताना "आई गं" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला असतो. मग आठ दिवस सगळं बंद, आणि पुन्हा एकदम गड. तुझं आजवरचं दुखणं बहुतेक या चक्रातलं आहे. व्यायाम कमी पडतो म्हणून नव्हे, खंडानंतर तू जिथे सोडलं होतंस तिथूनच सुरू करतेस म्हणून.

तेव्हा आधी एक चाचणी. हात नसलेली लाकडी खुर्ची घ्या, बसायची जागा जमिनीपासून साधारण १७ इंच. पाठ भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची खुर्ची अजिबात नको, ती मागे सरकते. आईने हात छातीवर फुली करून ठेवायचे, ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसता येईल तितक्या वेळा करायचं. बाबांनी घड्याळ लावायचं आणि शेजारी उभं राहायचं. हाताचा आधार घ्यावा लागला तर आकडा शून्य धरायचा, त्यात दयामाया नाही. ६५ ते ६९ वयाच्या बाईचा आकडा ११ च्या खाली आला तर पायातली ताकद कमी आणि पडण्याचा धोका जास्त, असं धरतात. आलेला आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. महिन्यातून एकदाच करा, रोज करून हुरूप येत नाही, नुसती चिडचिड होते.

ती चाचणी हाच पहिला व्यायामही. फक्त सुरुवातीला खुर्चीवर एक घट्ट उशी ठेव, म्हणजे उंची वाढते आणि गुडघा कमी वाकतो. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घे, कमरेतून पुढे झुक, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की मग उठ. बहुतेक बायका पाय पुढे पसरून, पाठ ताठ ठेवून उठायला जातात आणि झटका गुडघ्याला बसतो. खाली बसताना मनात चार मोजत बस, धपकन नको, कारण ताकद त्या चार आकड्यांतच येते. उठताना गुडघे एकमेकांकडे वळत असतील तर दोन्हींमध्ये वीतभर अंतर आहे ना, ते बाबांनी समोरून बघावं. ८ वेळा, दोन मिनिटं बसून पुन्हा ८. एक दिवसाआड. दोन्ही खेपा सहज जमायला लागल्या की १०-१० कर, तेही जमलं की उशी काढ आणि परत ८ वर ये.

ज्या दिवशी उठबस नाही त्या दिवशी पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. मांडी कडक झालेली हाताला लागली पाहिजे. पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, असं प्रत्येक पायाने १० वेळा. मोजायचं मोठ्याने. मनात मोजलं की श्वास रोखला जातो आणि श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब चढतो. ओट्यापाशी दूध तापायची वाट बघतेस तेव्हा टाचा वर-खाली कर, १० वेळा. आणि आठवड्यातून तीन दिवस तरी, ओट्याला दोन बोटं टेकवून एका पायावर १० सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या पायावर. हे तोल राखण्याचं आहे. ओली फरशी आणि मोजे, दोन्ही त्या वेळी वर्ज्य.

दुखलं तर? थोडं दुखणारच. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहन होईना, असं धरलं तर चारपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळपदावर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी आकडा निम्मा कर. बंद करू नकोस. आपल्याकडे "दुखतंय तर विश्रांती घे" हा सल्ला सगळे देतात, शेजारच्या काकूंपासून रिक्षावाल्यापर्यंत, आणि झिजलेल्या गुडघ्याला तो बहुतेक वेळा महागात पडतो. गुडघा गरम, लाल, टम्म झाला आणि सोबत ताप असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

खंड पडणारच आहे. दिवाळी आहे, लग्नं आहेत, सर्दी-पडसं आहे. आठवडाभर राहिलं तर निम्म्या आकड्यापासून सुरू करायचं. दोन आठवडे किंवा जास्त राहिलं तर परत उशीपासून. याला मागे पडणं म्हणू नकोस. खरं तर खंड मोजूनच हा कार्यक्रम आखलाय.

चालणं सपाटीवर, शाहू स्टेडियमला किंवा सोसायटीच्या आवारात. सकाळी एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१५ मिनिटं चाललीस तर साखरेला जास्त फायदा, कारण जेवणानंतर रक्तात चढणारी साखर चालणारे स्नायू तिथल्या तिथे वापरतात. रात्रीच्या जेवणानंतरची फेरी चुकवायची नाही, मालिका दहा मिनिटं थांबेल. गुडघा जास्त बोलत असेल त्या दिवशी काठी घे, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो म्हणून उजव्या हातात काठी धरणारे लोक रोज दिसतात, त्याने उलट लचकणं वाढतं. चपला घालून ताठ उभी राहून हात सोडलास की मनगटाच्या घडीपाशी मूठ यावी एवढी काठीची उंची. जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. वजन तीन-चार किलो उतरलं तर गुडघ्याला फार सुख होईल. पोटातून एक किलो गेला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

पण म्हणून जेवण कमी करायला जाऊ नकोस. तुझी गडबड तिथेच होते. तू कमी करतेस ते नेमकं वरण आणि दूध, आणि चहा-पोहे तसेच राहतात. ६२ किलोच्या तुला रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर खुर्चीवर केलेली मेहनत स्नायूत उतरणार नाही. (तुझा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचा, रिपोर्ट ठीक आहे म्हणून हे लिहिते. तो वाढला तर आधी डॉक्टरांना विचारायचं.) घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम असतात, तुझ्या पातळ वरणात त्याच्या निम्मे. पेलाभर दुधात ६-७, एका अंड्यात ६, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात ७. बेरीज केलीस तर तुझा दिवस पस्तीसच्या पुढे जात नाही. म्हणून पोह्यांऐवजी मुगाचं किंवा बेसनाचं धिरडं, दुपारी मटकीची उसळ मोठी वाटी, संध्याकाळच्या बिस्किटांऐवजी फुटाणे. सुरुवातीला पोट गुबारतं, तेव्हा आठवड्यातून तीनदा उसळ कर, रोज नको, आणि मोड आणून नीट शिजव.

आता एकादशी. तुझ्या श्रद्धेत मी ढवळाढवळ करत नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीबद्दल बोलणार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यातलं प्रथिन नगण्य. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी, संध्याकाळी रताळ्याचा कीस, असा उपास झाला की दिवसभर साखर वर. आणि ज्या उपासाला तू काहीच खात नाहीस, त्या दिवशी उलटा धोका. मधुमेहाच्या तुझ्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा फार पाडत नाही, पण सोबतची ग्लिमेपिराइड पाडते, पोटात अन्न असो वा नसो. उपासाच्या दिवशी ती गोळी किती आणि कधी, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. आपल्या मनाने गाळायची नाही. राजगिरा, शेंगदाणे, दही, ताक, दूध हे उपासाला चालतंच की, त्यावर भर दे.

बाबा, हे तुमचं. आईला घाम फुटला, हात थरथरले, बोलणं चिडकं किंवा विस्कळीत झालं तर आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल तरीही, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. १५ मिनिटांनी परत मोजा, तरी खालीच असेल तर तेवढीच साखर परत. वर आली की पोळी-भाजी किंवा दूध-पोळी खायला घाला. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

रक्तदाब मोजण्यातही सुधारणा हवी. गेल्या महिन्यात तुम्ही पाठवलेले आकडे १२८ ते १६४ असे उड्या मारत होते, त्यात आईपेक्षा मोजण्याचा हात जास्त आहे. लघवीला जाऊन यावं, मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, चालणं नाही. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प. ब्लाउजची बाही वर गुंडाळून मशीनचा पट्टा बांधू नका, गुंडाळलेली बाही दंड आवळते. सैल बाहीचा झंपर घालून उघड्या दंडावर पट्टा बांधा, कोपराच्या दोन बोटं वर, आणि हात टेबलावर छातीच्या पातळीला. मोजताना तिला "गॅस बंद केलास का?" विचारू नका, बोललं की आकडा वाढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीचे सात दिवस, एवढं बास. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर ते डॉक्टरांना दाखवायचं. एकट्या आकड्यावर घाबरायचं नाही आणि एकट्या चांगल्या आकड्यावर गोळी सोडायची नाही.

आईच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज येते, त्यासाठी ती पाणी कमी पिते असं कळलं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिन गोळीने काहींना अशी सूज येते. डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतील किंवा दुसरं काही कारण आहे का बघतील. पाणी तोडून काही होत नाही.

गुडघ्यासाठी केमिस्टकडून मागून घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या वेदनाशामक गोळ्या आधी डब्यातून काढून टाका. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही असताना त्या मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला बाधतात. त्याचंच जेल गुडघ्यावर लावलं तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा, बहुधा हो म्हणतील. थायरॉइडची गोळी पहाटे नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी, म्हणजे दुपारी जेवल्यावर घेतली तरच दोन्हींचा उपयोग. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे आणि आपण शाकाहाराकडे झुकलेले, तेव्हा पुढच्या रक्ततपासणीत बी१२ लिहून घ्या. पायाला मुंग्या येतात म्हणतेस, ते त्यानेही असू शकतं.

आणि पाय रोज रात्री बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. वाकता येत नसेल तर छोटा आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघ. शेकायचं पाणी पायाने नाही, कोपराने तपास. मंदिराच्या दगडी आवारात भर दुपारी अनवाणी जाऊ नकोस, तापलेली फरशी तुला उशिरा कळते.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा उठबस बघायची आहे. बाबा, फोन खुर्चीच्या समोर नको, बाजूला स्टुलावर पुस्तकांना टेकवून ठेवा, आईचं डोकं आणि पावलं दोन्ही दिसली पाहिजेत. मागच्या वेळी अर्धा तास पंखा बघत होते. साडी नेसली असेल तर निऱ्या थोड्या वर खोच, नाहीतर गुडघे कुठे वळतात ते दिसत नाही.

तुमची लेक