गरम गाडी सुरू होत नाही म्हणून लगेच पेट्रोलला शिव्या नकोत

संपादक साहेब, नमस्कार.

ऊन तापायला लागलं की पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल वाचकांची पत्रं येतात आणि त्यात एक तक्रार हमखास असते, जुनी गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते पण गरम झाल्यावर बंद केली की परत सुरू व्हायचं नाव घेत नाही. तक्रार खरी आहे. माझ्याकडे पद्मिनी आहे, जुनी कार्बोरेटरवाली प्रीमियर पद्मिनी, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रांगत येऊन कापूरबावडीला पंपावर जरा बंद केली की काय होतं ते मला चांगलं माहितीये. पण दोष पेट्रोलचा की करंटचा (म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या विजेचा) हे न बघताच लोक इथेनॉलला दोषी ठरवतात ते मला अजिबात पटत नाही.

पद्मिनीला मूळचे पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क आणि त्यांच्या जोडीचा भाग. आता बरेच जण ते काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) इलेक्ट्रॉनिक किट बसवतात, मीही बसवलंय आणि माझं मत चांगलंच आहे, पॉइंट घासा, गॅप लावा ही कटकट संपते. फक्त पॉइंट खराब झाले तर डोळ्याला दिसायचे, किटचं तसं नाही. त्यातला सेन्सर किंवा मॉड्युल कमजोर असेल तर थंड असताना ठणठणीत, तापला की गप्प, निवला की परत चालू. आणि गाडी बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, त्यामुळे बोनेटखालची गरमी पुढची दहा-वीस मिनिटं उलट वाढत जाते, नेमकी तेव्हाच आपण चावी फिरवतो. मेकॅनिक येईपर्यंत सगळं निवलेलं असतं, तो सेल्फ मारतो, गाडी सुरू, "काय नाय साहेब, पेट्रोलच असं येतंय आजकाल" म्हणतो आणि जातो.

म्हणून तपासायचं ते गाडी रुसलेली असतानाच. डिकीत एक जादा स्पार्क प्लग ठेवा, प्लगची वायर काढून त्याला लावा, प्लगची बॉडी इंजिनच्या लोखंडाला पक्की टेकवून बांधा (हातात धरू नका, आणि कार्बोरेटरपासून लांब ठेवा, तिथे पेट्रोलची वाफ असते) आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी कडक ठिणगी आली तर करंट ठीक आहे, पिवळी मरतुकडी किंवा काहीच नाही तर पेट्रोलला दोष देऊ नका. वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मात्र मारू नका, करंटला जायला वाट नसली की कॉईल (बॅटरीच्या 12 व्होल्टचा ठिणगीपुरता जोरदार करंट करणारा भाग) नाहीतर मॉड्युल जातं.

करंट येत नसेल तर ओला फडका पिळून फक्त कॉईलवर ठेवा, डिस्ट्रिब्युटरला पाणी लागू देऊ नका. थोड्या वेळात सुरू झाली तर संशय कॉईलवर, पण तेवढ्या वेळात बाकीचंही निवतं, म्हणून मल्टिमीटरने खात्री करा. साधी कॉईल थंड असताना 3 ओहमच्या आसपास दाखवते, तापल्यावर 3.7 दाखवली तर घाबरू नका, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण 0.4 टक्के वाढतोच. एकदम भलताच आकडा आला किंवा सर्किट तुटलेलं दाखवलं तरच कॉईल गेली समजा. कुणी 1.5 ओहमची कॉईल बॅलास्टशिवाय (करंट आवरणाऱ्या जादा रेझिस्टन्सशिवाय) लावून दिली असेल तर ती दुप्पट करंट खाते, काही किट त्यात भाजून निघतात. इंजिन बंद पण चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसायची सवयही काही किटना मारते.

अजून एक खूण सांगतो, सेल्फ फिरतोय तोवर काही नाही आणि चावी सोडली रे सोडली की इंजिन भुर्र करून उचलतं, तर व्होल्टेज बघा. गरम स्टार्टर जड फिरतो, अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, आणि कॉईलच्या टोकाला 9-10 व्होल्टच्या खाली गेलं की बऱ्याच किटचं मॉड्युल काम सोडतं. मीटर बॅटरीवर नको, कॉईलवर लावा.

ठिणगी कडक असूनही सुरू होत नसेल तेव्हाच पेट्रोलकडे वळा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, तसा सेल्फ मारून धूर सोडत सुरू झाली तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून ओव्हर झालंय, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त गेलंय. उलट प्लग कोरडे असतील तर इंजिनच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपात किंवा पाइपात वाफ अडकलीय, पूर्वी टॅक्सीवाले त्या पंपावर ओलं फडकं टाकायचे ते त्याचसाठी. इथेनॉल अगदी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, जुन्या रबराला आणि त्या पंपातल्या डायफ्रामला (लवचिक पडद्याला) ते सोसत नाही, ती तक्रार रास्त आहे.

पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्रीही कमी होत चाललेत, आणि नवीन पोरांच्या स्कॅनरला लावायला या गाडीत सॉकेटच नाही. त्या मिस्त्रींपैकी कुणी हे वाचत असेल तर किटबरोबर कुठली कॉईल आपल्या उन्हाळ्यात टिकते यावर जरूर लिहावं, आणि तुम्ही ते छापावं ही विनंती.

एक पद्मिनीवाला, नौपाडा, ठाणे